परमुलखातला फड आणि माणसांची सोबत

दसरा झाला की जालना जिल्ह्याच्या दक्षिणेकडची गावं रिकामी व्हायला लागतात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतल्या वस्त्या-तांड्यांवरून ऊसतोडीसाठी ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, अंथरूण-पांघरूण, एखादी शेळी, अंगावरची पोरं आणि कोयते, असा सगळा संसार त्यात असतो. काही गाड्या नगर-पुण्याकडे जातात, काही सांगली-कोल्हापूरकडे, तर काही थेट कर्नाटकात उतरतात. बेळगाव जिल्ह्यातलं अथणी, चिकोडी, रायबाग, बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ, जमखंडी हे सगळे उसाचे पट्टे. घरापासून साधारण चारशे किलोमीटर. साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम त्या रानात. मराठवाड्यातून ही वाट 1972 च्या दुष्काळानंतर रुंदावली आणि आता तिसरी पिढी त्या वाटेवर आहे.

उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, मजूर नेणाऱ्या मुकादमाचा हिशेब, तोडणीचे कष्ट यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ते लिहायलाच हवं होतं. पण त्याच फडावर, म्हणजे तोडणीच्या रानात, आणखी एक गोष्ट रोज सोसावी लागते, ती म्हणजे तुटलेपण. रान परकं, भाषा परकी, आपलं दुखणं-खुपणं ज्यांना न सांगता कळतं ती माणसं दूर. हे तुटलेपण माणसाच्या हळव्या स्वभावामुळे येतं, असं समजून सोडून दिलं जातं. खरं तर ते राहण्याच्या आणि कामाच्या व्यवस्थेतून येतं. म्हणूनच ते व्यवस्थेनं कमीही करता येतं, आणि त्यातली निम्मी व्यवस्था गाडीत बसण्याआधीच करायची असते. ती कशी, हे एकेक करून पाहू.

तुटलेपण येतं कुठून

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात जिवाभावाचं एखादं माणूस जवळ नसतं. दुसऱ्यात गोतावळा नसतो, म्हणजे शेजार, भावकी, ओळखीपाळखी. एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही. फडावर ही गोष्ट स्वच्छ दिसते. तोडणीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे जवळचं माणूस सोबत असतं, गोतावळा मात्र मागे राहतो. उलट गावात राहिलेल्या म्हातारीभोवती सगळं गाव असतं, पण पोटचा पोरगा नसतो. दोघांची गरज वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

दहा-पंधरा कोप्या, म्हणजे बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या, एकमेकींना लागून असल्या तरी माणूस त्यात एकटं पडू शकतं. कारणं साधी आहेत. टोळीतली सगळीच माणसं आपल्या पसंतीची नसतात. दिवसात मोकळा वेळ नसतो. बाई पहाटे तीनला-चारला उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात पोचते, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधते, आणि गाडी आली की रात्री-अपरात्री ती भरायला उठते. ज्या गावच्या शिवारात काम चालतं, त्या गावाला ही माणसं नावानं माहीत नसतात, ‘तोडकरी’ एवढीच त्यांची ओळख. त्यात एक फड संपला की बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जायचं. जरा ओळख व्हायला लागते तोच गाव सुटतं.

हा अनुभव फक्त फडावरचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांवरच्या आयोगानं 2025 मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि त्याचा परिणाम मनाइतकाच शरीरावरही होतो. परदेशातल्या खेड्यात नोकरीला गेलेल्या डॉक्टरला जे सोसावं लागतं, त्याच जातीचं दुःख मंठ्याहून मुधोळला गेलेल्या बाईचं आहे. फरक इतकाच की तिच्याकडे रजा नाही, आणि परतीचं तिकीट तिच्या हातात नाही.

सेंटर कोणतं, हे आधी विचारा

एकटेपणा किती येणार, हे बरंचसं सेंटरवर, म्हणजे तोडणी-वाहतुकीच्या पद्धतीवर ठरतं. गाडी सेंटर किंवा टायर सेंटर असेल तर बैलगाडीवाले कारखान्याच्या जवळपास एकाच जागी मुक्काम करतात. तिथं शेकडो कोप्यांचं गावच उभं राहतं. किराणा, गिरणी, दवाखाना हाताशी असतो आणि आपल्या तालुक्यातली माणसं भेटतात. गर्दी, घाण आणि पाण्याचे हाल असतात, पण माणसांचा तुटवडा नसतो.

डोकी सेंटरचं तसं नाही. तिथं मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टर भरायचा असतो. टोळी लहान असते, फडाच्या कडेला उतरते आणि तोड सरकेल तशी सरकते. गाव दोन-तीन किलोमीटर लांब, वीज नाही, रात्री रस्त्यावर माणूस नाही. पहिल्यांदाच तोडीला जाणारं जोडपं, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असलेलं घर यांनी शक्य असेल तर एकाच जागी मुक्काम असलेलं सेंटर धरावं. उचल घेताना पैशाचा आकडा ठरतोच. त्याच बैठकीत कारखाना कोणता, सेंटर कोणतं, मुक्काम किती वेळा हलणार आणि टोळीत कोणाकोणाचे कोयते आहेत, एवढं विचारून घ्यावं. हे प्रश्न बाईनंही विचारावेत, कारण शेजारची कोपी कोणाची असणार याचा फरक तिला सगळ्यात जास्त पडतो.

गाडीत बसण्याआधी

पहिली गोष्ट, एक वही. मोबाईल बंद पडतो, पाण्यात पडतो, हरवतो, आणि सगळे नंबर त्याच्याबरोबर जातात. वहीच्या पहिल्या पानावर घरचा, शेजारच्या घरचा, गावच्या आशाताईंचा, मुलांच्या शाळेतल्या गुरुजींचा, मुकादमाचा आणि कारखान्याच्या शेतकी ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. तिथं पोचल्यावर त्याच पानावर मुक्कामाच्या गावाचं नाव, तालुका आणि शेतमालकाचं नाव लिहावं. आपण नेमके कुठं आहोत हे फोनवर सांगता न येणं, ही परमुलखातली मोठी अडचण असते. रात्री पोटात दुखायला लागलं आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावला, तर पहिला प्रश्न ‘कुठं यायचं’ हाच असतो.

दुसरी गोष्ट, कागद. आधार, रेशनकार्ड, गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड, लहान मुलांच्या लसीकरणाची नोंद. ‘एक देश एक रेशनकार्ड’ या योजनेमुळे महाराष्ट्रातल्या कार्डावर कर्नाटकातल्या दुकानातही धान्य मिळतं, आणि घरी राहिलेल्यांसाठी वाटा सोडून फक्त आपल्यापुरतं धान्य उचलता येतं. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ओळखपत्र घ्यावं. या कागदांचा एकटेपणाशी जवळचा संबंध आहे. रेशन दुकानात, अंगणवाडीत, उपकेंद्रात हक्कानं उभं राहता आलं की त्या गावात आपलं नाव होतं.

तिसरी गोष्ट, दुसरा फोन. बहुतेक जोडप्यांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो. तो गाडीबरोबर कारखान्यावर गेला की बाईचा सगळ्या जगाशी संबंध तुटतो. साधा बटणाचा का होईना, बाईच्या हातात तिचा फोन असावा. सहा महिन्यांच्या खर्चात ही रक्कम मोठी नाही.

पहिले आठ दिवस

मुक्कामाच्या जागी पोचल्यावर पहिलं काम कोपीचं. बांबू रोवून वर एकत्र बांधायचे, त्यावर चटया, चटयांवर ताडपत्री, आतली जमीन शेणानं सारवायची आणि दारापुढे तीन दगडांची चूल मांडायची. दोन-तीन तासांत घर उभं राहतं. घाईघाईत कोप्या रस्त्याच्या कडेनं एका ओळीत पडतात, प्रत्येकीचं दार रस्त्याकडे. त्याऐवजी मधे थोडं अंगण सोडून दारं समोरासमोर ठेवावीत. मग पहाटे एक चूल पेटली की समोरची दिसते. एखाद्या चुलीवर उशिरापर्यंत धूर दिसला नाही, तर आत कोणाला तरी बरं नाही हे कोणी न सांगता कळतं. रात्री आवाज दिला तर तो पोचतो. नव्या सुनेची किंवा बाळंतिणीची कोपी मधे घ्यावी, कडेला देऊ नये. जागा ठरवताना पुरुषच पुढे असतात. पण चुली बायकांच्या आहेत, तेव्हा मांडणी त्यांना विचारून व्हावी.

दुसरं काम ओळखीचं. पहिल्या आठ दिवसांत पाच ठिकाणी आपण होऊन जाऊन यावं. शेतमालकाचं घर, किराणा दुकान, पिठाची गिरणी, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र. काही मागायला जायचं नाही. मी अमक्या गावची, या फडात आहे, माझं नाव हे, इतकं सांगून यायचं. अडचणीच्या वेळी पहिल्यांदा दार वाजवणाऱ्या अनोळखी माणसाला लोक बिचकतात. आधी एकदा तोंडओळख झालेली असली की दार उघडतं.

भाषा आणि वाढं

अथणी-चिकोडीकडे मराठी बऱ्यापैकी समजते. मुधोळ-जमखंडीकडे कानडी जास्त लागते. सहा महिन्यांत भाषा येत नाही आणि यायची गरजही नाही. पंधरा-वीस शब्द पुरतात. पाण्याला नीरु, जेवणाला ऊटा, पाहिजे म्हणायला बेकु, नको म्हणायला बेडा, किती विचारायला एष्टु, कुठं विचारायला एल्ली, तापाला ज्वर, दवाखान्याला आस्पत्रे. बाईला अक्का आणि पुरुषाला अण्णा म्हटलं की पुढचं बोलणं सोपं होतं. हे शब्द देवनागरीत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत आणि संध्याकाळी पोरांबरोबर घोकावेत. पोरं सगळ्यांत आधी शिकतात. पण आईच्या दुखण्यात आठ-दहा वर्षांच्या मुलाला दुभाषी करू नये. बाईला जे सांगायचं असतं ते ती मुलापुढे सांगत नाही, आणि मुलावर नको तो भार पडतो. त्या कामाला जरा मराठी कळणारी त्या गावची एखादी अक्का आधीच शोधून ठेवावी.

ती अक्का भेटण्याची एक हमखास जागा आहे, ती म्हणजे वाढं. ऊस तोडल्यावर वरच्या शेंड्याचा हिरवा पाला उरतो, त्याला वाढं म्हणतात. जनावरांना तो चारा चालतो. तोडकरी बायका त्याच्या पेंढ्या बांधून फडातच किंवा रस्त्याच्या कडेला विकतात आणि गावातले गाय-म्हैसवाले त्या न्यायला येतात. या व्यवहारातून रोजचे चार पैसे सुटतात, तेल-मिठाचा खर्च निघतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. मुकादम, कारखान्याचा स्लिपबॉय, गाडीचा ड्रायव्हर यांच्याशी येणारा संबंध हा कामाचा आणि हुकमाचा असतो. वाढं न्यायला आलेल्या माणसाशी संबंध बरोबरीचा असतो. तो मागायला आलेला असतो आणि बाई देणारी असते. रोज तोच माणूस आला की दूध, ताक, घरच्या मिरच्या यांची देवघेव सुरू होते. पेंढी विकताना नाव विचारावं, आपलं सांगावं, आणि त्याच घरातल्या बाईशी ओळख वाढवावी. बहुतेक टोळ्यांचा स्थानिक आधार असाच तयार होतो.

फोनचा दिवस

फडावर रोज ठरावीक वेळी घरी फोन करणं जमत नाही, कारण गाडी कधी येईल याचा नेम नसतो. ‘रोज रात्री आठला’ असं ठरवलं की चार दिवसांत ते मोडतं. तिकडे आजी फोन धरून बसलेली असते, इकडे मोळ्या भरणं चाललेलं असतं, आणि न झालेल्या फोनची काळजी दोन्हीकडे वाढते. त्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस धरावा. बाजाराचा दिवस सोयीचा. त्या दिवशी गावात जाणं होतं, दुकानात फोन चार्ज होतो, रेंज मिळते. बाकीच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला निरोप पुरतो. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तो पाठवता येतो आणि ऐकणारा सवडीनं, पुन्हापुन्हा ऐकू शकतो. मागे राहिलेल्या लहान मुलासाठी आईचा आवाज असा फोनमध्ये असणं फार मोलाचं आहे.

बोलायचं काय, हाही प्रश्न असतो. ‘बरं आहे, तुमचं बरं आहे ना’ इथं बोलणं संपतं आणि फोन ठेवल्यावर आणखी ओकंबोकं वाटतं. लहान लहान गोष्टी विचाराव्यात. विहिरीला पाणी किती आहे, तुरीला शेंगा धरल्या का, गाय फळली का, शाळेत आज काय शिकवलं, कोणाच्या घरी सोयरीक जमली. आपल्या नसण्यानं घर थांबलेलं नाही आणि त्या घरात आपला शब्द अजून चालतो, हे अशा बारीक गोष्टींतूनच जाणवतं. एक गोष्ट निघतानाच ठरवून घ्यावी, ती म्हणजे वाईट बातमी लपवायची नाही. घरचे म्हातारीचं आजारपण लपवतात, फडावरचे कोयत्याचा घाव लपवतात, आणि मग दोन्हीकडे प्रत्येक ‘बरं आहे’वरचा विश्वास उडतो.

सण चुकवू नका

हंगामात सुट्टी नसते. कामाला न गेल्यास खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. त्यामुळे सण कोपीतच उरकायची सवय लागते. तरी दिवाळी आणि संक्रांत एवढे दोन सण टोळीनं मिळून करावेत, आणि अर्ध्या दिवसाची मोकळीक उचलीच्या बोलीतच मागून घ्यावी. संक्रांत तर दोन्ही मुलखांची आहे. आपण तिळगूळ देतो, कर्नाटकातही त्या दिवशी तीळ आणि गूळ वाटतात. वाटीभर तिळगूळ घेऊन शेतमालकाच्या आणि वाढं नेणाऱ्याच्या घरी गेलं तर ती रीत तिथं कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्याच सुमाराला त्या भागातले शेतकरी एळ्ळ अमावास्या करतात. घरचा स्वयंपाक शेतात नेऊन रानाची पूजा होते आणि पंगत बसते. बोलावणं आलं तर संकोच न करता जावं.

मन आजारी पडलं तर

करमत नाही, रडू येतं, घर आठवतं, हे पहिल्या महिन्यात सगळ्यांना होतं आणि ओळखी वाढल्या की कमी होतं. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, माणूस बोलेनासं झालं आहे, दारू वाढली आहे, किंवा जगून काय उपयोग असं तोंडातून निघतं आहे, तर तो आजार समजावा. त्याला ‘मनावर घेऊ नको’ हे औषध नाही. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416, आणि भाषा निवडताना मराठी निवडता येते. संकटाच्या वेळी 112, बाईवर अत्याचार होत असेल तर 181. हे तीन नंबर प्रत्येक कोपीत लिहिलेले असावेत. मरणाची भाषा बोलणाऱ्याला एकटं सोडू नये, त्याच्याजवळचा कोयता आणि फवारणीची औषधं दूर ठेवावीत, आणि मुकादमाला स्पष्ट सांगून त्याला दवाखान्यात किंवा घरी पोचवावं. उचल फिटायची राहिली म्हणून आजारी माणसाला फडावर धरून ठेवणं हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मागे राहिलेली माणसं

मुलांना बरोबर न्यावं की मागे ठेवावं, हा प्रत्येक घरातला सगळ्यांत अवघड प्रश्न. नेलं तर शाळा सुटते, ठेवलं तर आई-बाप. साखरशाळा हा त्यावरचा एक प्रयोग. कारखान्याच्या तळावरच तोडकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा, असं काम तेव्हाच्या औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेनं अनेक वर्षं केलं. गावात ‘हंगामी वसतिगृह’ असतं. त्यात मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. 2021 मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत बीड, नगर यांच्याबरोबर जालना जिल्हाही आहे. निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून मुलाचं नाव यादीत घातलं आहे की नाही याची खात्री करावी. ठेवलेल्या मुलाला आपण कधी येणार ते महिन्यात सांगू नये, कॅलेंडरवर दाखवावं. होळीच्या सुमारास, असं सणाशी बांधलेलं सांगणं त्याला कळतं. पण तारीख चुकणार असेल तर तेही फोनवर स्वतः सांगावी.

म्हाताऱ्यांसाठी एकच गोष्ट पुरेशी आहे. रोज सकाळी एकदा कोणीतरी दारात डोकवावं. जाताना ते काम नाव घेऊन एखाद्या शेजाऱ्यावर सोपवावं. ‘सगळे लक्ष ठेवतील’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

ज्यांच्या हातात जास्त आहे त्यांच्यासाठी

वर सांगितलेलं बहुतेक सगळं तोडकरी कुटुंब स्वतः करू शकतं, पण ओझं एकट्या त्याच्यावर टाकणं न्यायाचं नाही. कारखान्यानं प्रत्येक तळावर दिवे, पाणी, संडास आणि फोन चार्ज करायची सोय दिली तर निम्मं तुटलेपण तिथंच संपतं. लांबच्या टोळीसाठी आठवड्यातून एकदा बाजाराला जाणारा ट्रॅक्टर ठेवणं कारखान्याला जड नाही. ज्या गावच्या शिवारात तोड चालते त्या गावच्या अंगणवाडीनं आणि उपकेंद्रानं फडावर एक फेरी मारावी. आणि जालन्यातल्या ग्रामपंचायतींनी दसऱ्याच्या आधी एक यादी करावी. कोण कुठल्या कारखान्याला जाणार, मागे कोण राहणार, आणि त्या मागे राहणाऱ्यांकडे कोण बघणार, अशी तीन रकान्यांची. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी आणि महिन्यातून एकदा गावानं तिच्यातल्या प्रत्येकाला फोन करावा. साखरेचा एवढा मोठा धंदा या माणसांच्या हातांवर उभा आहे. त्यांना नावानं हाक मारणारं कोणीतरी फडावरही असावं आणि गावातही, इतकी सोय करणं आपल्या आवाक्यात आहे, आणि ती येत्या हंगामाच्या आधी व्हायला हवी.